संसाराची दुसरी घडी आणि वयात आलेली मुले

बीडहून परळीकडे जाणारा रस्ता वडवणी आणि तेलगाव मागे टाकून दिंद्रुडात शिरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास या रस्त्याने एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे: ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, एखादी शेळी, कोपीचे म्हणजे फडावरच्या झोपडीचे बांबू आणि ताडपत्री चढवून जोडप्यामागून जोडपे उसाच्या फडाकडे निघालेले असते. या धंद्यात माणूस एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा असेल त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असेल तर कोयता पुरा असणे ही केवळ संसाराची नव्हे, तर हिशेबाचीही निकड ठरते. म्हणून ज्याची बायको बाळंतपणात, आजारात वा अपघातात गेली, त्याचे दुसरे लग्न या भागात पुष्कळदा घाईने ठरते, आणि ‘लेकरांचं कोण बघणार’ या उघड बोलल्या जाणाऱ्या प्रश्नामागे न बोलला जाणारा हा दुसरा प्रश्नही उभा असतो. इकडे ज्या बाईचा नवरा कर्जापायी जिवाला मुकला किंवा कोरोनाच्या साथीत दगावला, तिच्याही माहेरची माणसे आता पूर्वीइतकी आढेवेढे न घेता तिच्या पुनर्विवाहाचा विचार करू लागली आहेत, आणि ही गोष्ट सर्वथा स्वागतार्ह आहे.

परंतु मोठी माणसे आपापल्या गरजेप्रमाणे आणि आपापल्या शहाणपणाप्रमाणे संसाराची ही दुसरी घडी बसवीत असताना, त्या घडीत बारा ते अठरा वर्षांची जी मुले सापडतात, त्यांना बहुधा कोणीच काही विचारलेले नसते. तान्हे मूल नव्या मांडीला चार दिवसांत सरावते, आणि पंचविशीतला मुलगा आपला स्वतंत्र संसार मांडून मोकळा होतो. मधल्या वयाच्या मुलाला मात्र आठवते सगळे आणि हातात काहीच नसते. अशा मुलांसाठी आणि त्यांच्या भोवतीच्या वडीलधाऱ्यांसाठी चार व्यवहार्य गोष्टी येथे सांगण्याचा मानस आहे. त्या सर्वांच्या मुळाशी एकच सूत्र आहे. अशा घरात माया मागाहून येते आणि तिला यायला वेळ लागतो, पण न्याय मात्र पहिल्या दिवसापासून लागतो. ज्या घरांनी माया अगोदर मागितली आणि न्याय पुढे ढकलला, त्या घरांत पुष्कळदा दोन्हीही आले नाहीत.

‘सावत्र’ या शब्दाविषयी

‘सावत्र’ हा शब्द ‘सापत्न’ या संस्कृत शब्दाच्या कुळातला, आणि सापत्न म्हणजे सपत्नीचा, सवतीचा. ज्या काळी एका पुरुषाच्या घरात एकाच वेळी दोन बायका नांदत, त्या काळी सवतीच्या मुलांशी चढाओढ ही त्या घराची नित्याची स्थिती होती, आणि ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उतरविणाऱ्या सुरुचीची कथा त्याच स्थितीतून आपल्या कानांवर आली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी हयात असता व तिच्याशी घटस्फोट झालेला नसता दुसरा विवाह करणे निषिद्ध ठरविले. तेव्हापासून रीतसर लग्न करून आलेली सावत्र आई कोणाचीही सवत उरलेली नाही, पण सवतीमत्सराचा वास मात्र त्या शब्दाला अद्याप चिकटून राहिला आहे. विधवेच्या विवाहाचीही हीच गत. पाट किंवा मोहतूर अनेक जातींत रूढ होता खरा, पण तो रात्रीच्या वेळी, वाजंत्रीवाचून उरकला जाई, आणि ‘लग्नाची’ व ‘पाटाची’ असा भेद जन्मभर बोलण्यात राही. बाईसोबत आलेल्या मुलाला त्या अंधाराचा काही अंश वारशाने मिळे. तेव्हा पहिली सूचना अशी की, घरात आणि घराबाहेर मुलांचा परिचय करून देताना ‘हा पहिलीचा’, ‘ही तिच्यासंगं आलेली’ असली विशेषणे वडीलधाऱ्यांनी स्वतः टाळावीत आणि सोयऱ्याधायऱ्यांनी वापरल्यास तेथल्या तेथे सौम्यपणे दुरुस्त करावीत. मुलाच्या देखत केलेली ती एक दुरुस्ती त्याला दहा उपदेशांहून अधिक कळते.

बातमी कोणाच्या तोंडून कळावी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या, आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढील काळातील आनंदीबाई तथा बाया कर्वे यांच्याशी, पुण्यात विवाह केला. या विवाहाबद्दल त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, हा इतिहास आपण विधवाविवाहाच्या चळवळीचा अध्याय म्हणून वाचतो. पण त्या विवाहाच्या वेळी पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता, ही गोष्ट वाचताना सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. गावाने बापावर उगारलेली काठी घरातल्या मुलालाही लागते. पुढे हाच मुलगा १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि रघुनाथ धोंडो कर्वे या नावाने संततिनियमनाचा खंदा पुरस्कर्ता झाला. आनंदीबाईंचे पुत्र शंकर, दिनकर आणि भास्कर हेही आपापल्या क्षेत्रांत कर्ते निघाले. दुसरी घडी बसविलेले घर खालच्या प्रतीचे असते, असे मानणाऱ्यांनी हे एक घर आठवावे.

आपल्या गावात बहिष्कार आता कोणी घालणार नाही, परंतु पारावरची कुजबुज, शाळेतले टोमणे आणि मोबाइलवर फिरणारे निरोप यांची धार काही कमी नाही. मुलाला ही बातमी वर्गातल्या पोराकडून कळणे याहून मोठा अपमान त्याच्या लेखी दुसरा नसतो. म्हणून स्थळ पाहण्याचे बोलणे पक्के होण्यापूर्वीच बापाने वा आईने स्वतः, मध्ये आत्या-मामा न घालता, मुलाला एकटे बाजूला घेऊन सांगावे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट याव्यात: हे लग्न आपण का करीत आहोत, त्याच्या शाळेत आणि राहण्यात काय बदलेल व काय बदलणार नाही, आणि गेलेल्या माणसाची आठवण या घरातून पुसली जाणार नाही. परवानगी मागण्याचे नाटक करू नये, कारण निर्णय आधीच झालेला असेल तर मुलाला ते नाटक ओळखू येते. पण त्याचे म्हणणे ऐकून त्यातले एखादे तरी मान्य करावे. लग्न दहावीच्या परीक्षेनंतर करा, एवढेच तो म्हणत असेल, तर तेवढे थांबणे कोणालाही अवघड नसावे.

खुंट्या आणि फणी

पुढे जे घर वर्णिले आहे ते दिंद्रुडातले कोणा एकाचे नव्हे. अशा घरांतून जे घडते ते एकत्र करून उभे केलेले आहे. घर दोन खणांचे. चौदा वर्षांचा मुलगा, त्याची धाकटी बहीण, बाप आणि आजी. मुलांची माय जाऊन दीड वर्ष झाले आहे. भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो, आणि खालच्या देवळीत तिची फणी, कुंकवाचा करंडा व काळ्या मण्यांची तुटलेली पोत. नवी बाई आली ती बारा वर्षांची स्वतःची मुलगी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी नेटकेपणाच्या सवयीने तिने देवळी पुसली आणि फणी व करंडा उचलून फडताळात ठेवला. मुलगा शाळेतून आला, देवळीकडे पाहिले, काही न बोलता फडताळ उघडून दोन्ही वस्तू परत जागच्या जागी ठेवल्या आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणून निजला. आजी म्हणाली, “आता हिलाच माय म्हणायचं, लेकरा.” बाप म्हणाला, “पोरगं लई हट्टी झालंय.” आणि या सगळ्यात त्या बारा वर्षांच्या मुलीकडे कोणाचेच लक्ष नव्हते. ती दप्तर पोटाशी धरून भिंतीला टेकून बसली होती, कारण भिंतीत खुंट्या चार होत्या आणि चारही खुंट्यांना मालक होते.

या घरात वाईट कोणीच नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. अशा घरांतील कुटुंबीयांसोबत दीर्घकाळ काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाऊ या अमेरिकी मानसतज्ज्ञ बाईंनी येथील पेचाचे मर्म असे सांगितले आहे की, नव्या घरात काही जण ‘आतले’ आणि काही जण ‘बाहेरचे’ होऊन बसतात, आणि ही स्थिती स्वभावामुळे न येता घराच्या रचनेमुळेच येते. वरच्या घरात मुलगा आतला असून आपले आत हरवल्यासारखा, नवी बाई बाहेरची असून सगळे घर तिच्या डोक्यावर, आणि तिची मुलगी तर दोन्ही अर्थांनी परकी. तिसऱ्या दिवशी त्या बाईने शहाणपणा केला. फणी देवळीतच ठेवून तिने मुलाला विचारले, “ही इथंच राहू दे ना?” मुलाने मान हलविली. संध्याकाळी बापाने, कोणी सांगितल्यामुळे असो वा स्वतःला सुचल्यामुळे असो, पाचवी खुंटी ठोकली आणि त्या मुलीचे दप्तर स्वतःच्या हाताने तिच्यावर अडकविले. त्या रात्री मुलगा जेवला की नाही हे महत्त्वाचे नाही. तो चौथ्या दिवशीही जेवला नसेल. पण गेलेल्याची जागा मोडायची नाही आणि आलेल्यासाठी नवी जागा करायची, हे घराला उमगले.

म्हणून नव्या बिऱ्हाडाच्या पहिल्या आठवड्यातच कुटुंबप्रमुखाने पुढील बाबी हातावेगळ्या कराव्यात: प्रत्येक मुलाची निजण्याची जागा, त्याची पेटी वा कपाटाचा कप्पा, अभ्यासाचा दिवा, आणि न विचारता कोणी हात लावायचा नाही अशी एकेक वस्तू. फोटो काढू नये. वर्षश्राद्ध आणि पितृपंधरवड्यातले पान पूर्वीप्रमाणेच व्हावे, आणि शक्य झाल्यास त्या पानाचा स्वयंपाक नव्या बाईने मुलांना विचारून, त्यांच्या आईच्या आवडीचा करावा. असा स्वयंपाक करणारी बाई आपली जागा गमावीत नाही. या घरात मेलेल्या माणसाशी स्पर्धा करावी लागत नाही, हा दिलासा तिला स्वतःलाही त्यातूनच मिळतो.

दागिन्यांचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणीची एक हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे, आणि धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात ती आली आहे. मातोश्री भीमाबाई वारल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. घर आणि मुले आत्या मीराबाई यांनी सांभाळली. पुढे वडील रामजी यांनी जिजाबाईंशी दुसरा विवाह केला. आपल्या आईचे दागिने या नव्या बाईच्या अंगावर पाहून त्या मुलाचे मन पेटून उठे. अखेर वडिलांवर अवलंबून राहायचेच नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरविले, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची थैली रात्री चोरण्याचा प्रयत्न केला. काही रात्री फुकट गेल्यावर एकदा थैली हाती आली, तेव्हा तीत निघाला अवघा अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुलगा वरमला आणि पळून जाण्याचा बेत सोडून अभ्यासाला लागला. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे.

या हकीकतीतील वडील मुलांच्या शिक्षणासाठी पदरमोड करणारे, अत्यंत कर्तव्यदक्ष गृहस्थ होते, हे विसरू नये. मुलाचा रोख स्त्रीच्या स्वभावापेक्षा आईच्या अंगावरच्या वस्तूंवर होता. सोने म्हणजे त्याच्या दृष्टीने आईचा राहिलेला देहच. आपल्या घरातून हीच ठिणगी आजही पडते. दुसऱ्या लग्नात नवे सोने घेण्याची ऐपत नसते, म्हणून पहिलीचे डोरले, बोरमाळ, जोडवी मोडून वा तशीच नवीच्या अंगावर चढविली जातात, आणि त्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही. पण हे कायद्यालाही धरून नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ अन्वये (बौद्ध, जैन व शीख यांनाही तो लागू आहे) मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीच्या मालमत्तेत तिचे मुलगे, मुली आणि पती यांचा सारखा हिस्सा असतो. म्हणजे बापाचे एकट्याचे ते सोने नाहीच. तेव्हा लग्नाच्या अगोदर, आजी वा मामा अशा दोन वडीलधाऱ्यांसमक्ष, दागिन्यांची वजनासह यादी करावी, ते बँकेच्या लॉकरमध्ये किंवा दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या माणसाकडे ठेवावे, आणि यादीची एक प्रत वयात आलेल्या मुलाच्या हाती द्यावी. नव्या पत्नीसाठी दोन मण्यांचे का होईना, पण नवे डोरले करावे. तिच्याही मानाचा तो प्रश्न आहे, कारण पहिलीच्या अंगावरून उतरलेले लेणे कोणत्या बाईला सुखाने मिरविता येईल?

शिस्त, ताट आणि वेळ

शिस्तीच्या बाबतीत सरळ नियम असा: निदान पहिली एक-दोन वर्षे रागावण्याचे काम सख्ख्या पालकाने करावे, आणि नव्या पालकाने घराचे ठरलेले नियम पाळले जातात की नाही एवढे पाहावे. बाप दिवसभर शेतात असतो आणि बाई घरात, म्हणून शिस्तीचा सगळा भार तिच्यावर येऊन पडतो. मग संध्याकाळी बाप आला की तक्रारींचा दरबार भरतो आणि मुलगा आरोपीच्या जागी उभा राहतो. त्याऐवजी बापाने सकाळी निघताना मुलांसमोरच सांगावे, “मी नसताना ह्यांचं ऐकायचं, मी सांगितल्यासारखं.” असे सांगितल्यावर नवी बाई हुकूम सोडणारी परकी राहत नाही, बापाच्या वतीने बोलणारी मुखत्यार होते.

ताटाच्या बाबतीत मुले तराजू घेऊन बसलेली असतात, हे गृहीत धरावे. कोणाच्या भाकरीवर तूप, कोणाला नवे बूट, कोणाची फी वेळेवर, याचा जमाखर्च मुलांच्या मनात आपल्यापेक्षा बिनचूक असतो. आपल्या पोटच्याला झुकते माप न देण्याच्या भरात दुसऱ्याच्या मुलाला अधिक देणे आणि आपल्याला कोरडे ठेवणे, ही चूकही चांगल्या स्वभावाच्या बायका पुष्कळ करतात. तिची मुलगी ते मुकाट्याने सोसते आणि पुढे कधी तरी फुटते.

याचबरोबर प्रत्येक सख्ख्या पालकाने आपल्या मुलाबरोबर आठवड्यातून थोडा वेळ एकट्याने काढावा. मोटारसायकलवर माजलगावला खत आणायला जाताना मुलगा मागे बसलेला असतो, तोंडासमोर तोंड नसते, आणि जे घरात बोलवत नाही ते त्या वाटेवर बोलले जाते. नव्या पालकानेही मुलाशी जवळीक करायची ती काम वा छंदाच्या निमित्ताने करावी, आणि मुलाच्या गतीने करावी. पेपरनाऊ बाईंच्या आणि अन्य अभ्यासकांच्या लेखनावरून दिसते की, अशी घरे स्थिरावण्याचा काळ वर्षांत मोजायचा असतो, महिन्यांत नव्हे. सहा महिन्यांत ‘अजून आई म्हणत नाही’ म्हणून खंतावणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक जादा सूचना आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात दोन्हीकडची मुले एका पक्षाच्या आजीवर सोपवून जोडप्याने फडावर निघून जाणे शक्यतो टाळावे, कारण आई-बाप दोघेही नसताना एकमेकांना परक्या असलेल्या या मुलांत न्याय करणारा कोणीच उरत नाही. टाळता येत नसेल तर धान्य, किराणा आणि हातखर्चाची वाटणी मुलांसमोर सांगून जावे, फोनवर प्रत्येक मुलाशी वेगळे बोलावे, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी काढलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी.

हाक आणि नाव

नव्या पालकाला काय म्हणावे, हे मुलाने ठरवावे. ‘आई’ ही हाक मागून मिळत नाही. मावशी, काकू, बाई, किंवा काका, दादा यांपैकी एखादी आदराची हाक दोघांनी मिळून ठरवावी आणि ती पुढे बदलली तर बदलू द्यावी. धाकट्या भावंडाचे ऐकून मोठाही एखाद्या दिवशी सहज ‘माय’ म्हणून जातो. तसे झाले तर त्याचा डांगोरा मात्र पिटू नये, कारण त्या क्षणी त्याला स्वतःच्या आईशी बेइमानी केल्यासारखे वाटत असते.

कागदोपत्री नावाचा प्रश्न याहून नाजूक. २८ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकेला ललिता यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार आहे, आणि कागदपत्रांत दुसऱ्या पतीचा उल्लेख ‘सावत्र वडील’ असा करण्याचे बंधन मुलाच्या मनावर आघात करणारे आहे. अधिकार आईचा खरा, परंतु मूल तेरा-चौदा वर्षांचे असेल तर त्याच्या मनाविरुद्ध तो वापरू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नाव, आधार, जातीचा दाखला आणि दहावीचे प्रमाणपत्र यांत मेळ नसला म्हणजे पुढे प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या वेळी जे हेलपाटे पडतात ते मुलालाच घालावे लागतात. बदल करायचाच तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वी, सर्व दस्तऐवजांत एकदमच करावा; अन्यथा जन्माचे नाव आहे तसे राहू द्यावे.

वयात आलेल्या मुली

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी निःसंकोच सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, नव्या घरात काल-परवापर्यंत परके असलेले पुरुष आणि मुलगे एकाएकी नात्याचे होतात. त्यामुळे मुलीची निजण्याची जागा आणि न्हाणीघराची आडोशाची सोय पहिल्या दिवसापासून निराळी असावी. एखाद्या माणसाबद्दल ती नुसते ‘मला तिथं नको’ म्हणाली, तरी आईने कारण खोदून न काढता प्रथम तिला तेथून हलवावे आणि मग शांतपणे ऐकावे. बालकांवरील लैंगिक अपराधांचा २०१२ चा कायदा नातेवाइकाने वा पालकाने केलेला अपराध अधिक गंभीर समजतो, आणि १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही दाद मागू शकते.

दुसरी गोष्ट लग्नाच्या घाईची. ‘दुसऱ्याच्या घरात वयात आलेली पोरगी कशाला ठेवायची’ या विचाराने तिला पंधराव्या-सोळाव्या वर्षी उजवून मोकळे होण्याची वृत्ती आपल्या भागात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे आढळले आहे. नव्या घराच्या अडचणीवर मुलीचा बालविवाह हा उपाय नव्हे. २००६ च्या कायद्याने तो अपराध आहे.

वारसा आणि सात-बारा

मुलांच्या मनातील अर्धी भीती जमिनीची असते, आणि ती बहुधा भाऊबंदांनी पेरलेली असते. तेव्हा स्थिती काय आहे ते त्यांना स्वच्छ सांगावे. वडील वारले आणि आईने पुनर्विवाह केला, म्हणून वडिलांच्या मालमत्तेतील मुलाचा हक्क तिळभरही कमी होत नाही. ते मूल चुलत्याकडे राहो वा आईसोबत जावो, त्याची वारसनोंद झालीच पाहिजे. वारसाचा फेरफार मंजूर होऊन सात-बारावर मुलाचे नाव लागते, आणि नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालक कर्ता म्हणून आईचे वा अन्य पालकाचे नाव येते. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे सावत्र बाप वा सावत्र आई हे नैसर्गिक पालक नव्हेत, आणि नैसर्गिक पालकालाही अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, उतारा काढून तो मुलाला एकदा वाचायला द्यावा. आपले नाव तेथे छापलेले पाहिले की निम्मा संशय आपोआप विरतो.

उलट बाजूही सांगावी. सावत्र बापाच्या मालमत्तेत सोबत आलेल्या मुलाला आपोआप हिस्सा मिळत नाही. सावत्र आईच्या मालमत्तेतही तिला स्वतःचे अपत्य वा पती नसेल तरच पतीचे वारस म्हणून त्याची पाळी येते. ज्या गृहस्थाला दोन्हीकडच्या मुलांना द्यायचे आहे, त्याने दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करावे आणि ते नोंदवून ठेवावे. दत्तक घेण्याची इच्छा असेल तर २०२२ च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकाने दत्तक घेण्याची तरतूद आहे, आणि पाच वर्षांवरील मुलाची संमती त्यासाठी घ्यावी लागते. मुसलमान आदी कुटुंबांना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू असल्याने त्यांनी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

मुलांना चार शब्द

आता हे वाचणाऱ्या मुलामुलींना. नव्या माणसावर प्रेम करण्याची सक्ती तुमच्यावर नाही. सभ्यपणे वागण्याची मात्र आहे, आणि ती त्या माणसावरही तितकीच आहे. नवी बाई चांगली वाटू लागली म्हणून तुमची आई कमी होत नाही, आणि मेलेल्या माणसाची आठवण ठेवण्यासाठी जिवंत माणसाशी भांडत राहण्याची गरज नाही. जे खुपते ते ‘तुमचंच सगळं’ असे मोघम न बोलता नेमके सांगा: फणी हलवू नका, माझ्या वहीला हात लावू नका, बाबांसोबत मला एकट्याला जायचे आहे. नेमकी मागणी पुरी करता येते. मोघम रागाला उत्तर नसते. आणि सोबत आलेल्या त्या भावंडाचाही विचार करा. तुम्ही एक माणूस गमावले आहे. त्याने माणूस, घर, शाळा आणि गाव, चारही गमावून तुमच्या दारात पाऊल टाकले आहे.

झोप उडाली, जेवण तुटले, शाळा सुटली, किंवा जगण्याचाच कंटाळा येऊ लागला, तर ते मनात दाबून ठेवू नका आणि वडीलधाऱ्यांनीही ‘नाटकं करतंय’ म्हणून सोडून देऊ नये. विश्वासातल्या गुरुजींशी वा बाईंशी बोला. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते, सरकारी रुग्णालयांतून किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय दिंद्रुडाहून फार दूर नाही.

या सर्व खटाटोपाला यश आले की नाही, हे मोठ्यांना लगेच कळत नाही. आई, काका, मावशी या हाकांवरूनही ते नेमके समजत नाही. पण मूल अठरा वर्षांचे पुरे होते आणि सात-बारावरील ‘अ.पा.क.’ हा शेरा कमी करण्याचा अर्ज द्यायला चावडीवर जावे लागते. कायद्याने आता त्याला कोणाचीच गरज नसते. तो एकटा जाऊ शकतो. अशा सकाळी फाटकाजवळ मोटारसायकल चालू करून तो आत डोकावतो, आणि कोणा एकाला म्हणतो, “येता का संगं?” ती हाक ज्याला जाते, त्याने समजावे की घडी बसली.